वाहत्या पाण्याच्या कडेला

मासे गरवायचा नाद नव्याने लागलेले पुण्या-मुंबईकडचे तरुण भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, रॉड कुठला घेऊ? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येतं. खाडीसाठी सात फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड, चार हजार नंबरचं रीळ, त्यावर तीस पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, आणि पुढे गळाजवळ दोन हात पन्नास पौंडांचा लीडर, म्हणजे जाड दोरा, घ्या, तांबोशीपासून पाच-सहा किलोच्या खजुऱ्यापर्यंत सगळं निभावतं. मग मी त्यांना विचारतो, ज्या दिवशी यायचं ठरवलंय त्या दिवशी तिथी कुठली आहे? बहुतेकांनी वार बघितलेला असतो.

समुद्राला शनिवार-रविवार कळत नाही. त्याला चंद्र कळतो. आमच्याकडे भरतीचा हिशोब तोंडी चालतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाचाची पाऊणपट, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा आणि अमावास्या या पंधराव्या तिथ्या, त्यामुळे सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, सकाळ असो की रात्र, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, बंदरागणिक थोडा फरक पडतो, पण घरातल्या दिनदर्शिकेवरून निघायची वेळ ठरवायला एवढं पुरतं. नेमक्या वेळा आणि पाण्याची उंची हवी असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक आता फोनवर मिळतं. मी दोन्ही बघतो. फोन बंद पडतो, तिथी बंद पडत नाही.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत-उतरत नाही, हे मात्र कोष्टकात लिहिलेलं नसतं. पहिल्या तासाला एकूण पाण्याचा बारावा भाग हलतो, दुसऱ्या तासाला दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासाला तीन-तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला पुन्हा एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी सरकतं. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. आमच्या मालवण पट्ट्यात चढ-उतार त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण अख्ख्या खाडीचं पाणी चिंचोळ्या तोंडातून आत-बाहेर करायचं म्हटल्यावर तेवढाही पुष्कळ होतो. पौर्णिमा-अमावास्येच्या पुढचे एक-दोन दिवस ओढ सगळ्यात जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार सगळ्यात कमी, पाणी मऊ.

इतका वेळ पाण्यावर घालवण्याचं कारण सरळ आहे. मासा वाहत्या पाण्याच्या कडेला उभा असतो. खजुरा असो, तांबोशी असो, गोब्रा असो, हे शिकारी मासे प्रवाहात पोहून दमत नाहीत. खडकाच्या आडोशाला, वाळूच्या दांड्याच्या पायथ्याशी, खाडीच्या तोंडावर जिथे वेगाचं पाणी आणि निवांत पाणी एकमेकांना घासून जातं, तिथे सावलीत थांबतात. बोय हा छोटा मासा आणि कोळंबी प्रवाहाबरोबर आपोआप समोर येते. आणि छोटी होडी पालथी होते तीही नेमकी याच ठिकाणी. खाडीचं तोंड, खडकाचा फेस, दांड्यावरची फुटणारी लाट. मासा आणि अपघात या दोघांना एका जागी आणणारं पाणी एकच आहे. म्हणून मासे मिळवायला जे ज्ञान लागतं तेच घरी परतायला लागतं, आणि एक शिकून दुसरं सोडून देता येत नाही.

मालवणजवळच्या आमच्या देवबागला हे शिकायला दूर जावं लागत नाही. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर माड नि घरं. दक्षिणेला पट्टी संपते तिथे कर्ली समुद्राला मिळते, पलीकडे भोगवे. पर्यटक त्याला संगम म्हणतात आणि तिथे डॉल्फिन बघायला जातात. जागा खरंच देखणी आहे. पण त्या तोंडावरची वाळू कधी एका जागी राहत नाही. पावसाळ्यात नदी सगळं ढवळून काढते आणि ऑक्टोबरात गेलं की खोल पाण्याची वाट भलतीकडेच सरकलेली असते. मे महिन्यात ज्या वाटेने डोळे मिटून आत आलो ती वाट नंतर धरायची नाही. नव्या हंगामात पहिल्यांदा पूर्ण ओहोटीला, वारा नसताना, होडी हळू चालवत वल्ह्याने तळ चाचपत वाट शोधायची. आमच्याकडचे जुने लोक अजून असंच करतात आणि त्यांच्या मागून गेलं तर तासाभरात दोन गोष्टी शिकून होतात: होडीची वाट कुठली, आणि मासा उभा राहतो ती कड कुठली.

आता तोंडावरचा खरा धोका. बाहेरून समुद्राची लाट किनाऱ्याकडे येते आहे आणि आतून ओहोटीचं पाणी तिच्या अंगावर जातं आहे. लाटेचा पाय प्रवाहात अडकतो, ती आखूड होते, उभी राहते आणि फुटते. बाहेर जी लाट होडीखालून सावकाश निघून जात होती, तीच तोंडावर छातीएवढी भिंत होते. त्यात दुपारचा वारा मिळाला की काम संपलं. भरतीच्या वेळी हेच तोंड इतकं शांत असतं की मघाशी बघितलेली जागा हीच का, असा प्रश्न पडावा.

म्हणून तिथीचा हिशोब नुसता मासे कधी खातील यासाठी नाही. आमच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, समुद्र तळ्यासारखा. साडेदहा-अकरानंतर खारा वारा सुटतो आणि दुपारी वायव्येकडून चांगला जोर धरतो. आता हे दोन्ही एकत्र मांडा. पौर्णिमेला पहाटे पाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी, सव्वाअकराला भरती. उजाडताना बाहेर पडा, सकाळभर पाणी चढत राहील, वारा सुटायच्या सुमाराला भरतीच्या पाण्याबरोबर आत या. याहून चांगला दिवस नाही. त्रयोदशी घ्या: पावणेदहाला भरती संपते. दहानंतर ओहोटीला जोर येतो, त्याच वेळी वारा सुटतो, आणि ते दुपारी चारपर्यंत चालूच राहतं. त्रयोदशीला मासे खूप खातायत म्हणून अकरापर्यंत बाहेर थांबलेला माणूस दुपारी तोंडावर येऊन काय बघतो, ते मी किनाऱ्यावरून पाहिलेलं आहे. त्या दिवशी साडेनऊला आत. पंचमीला उलट, ओहोटीच दहापर्यंत चालते, तेव्हा घाईने आठला परतण्यापेक्षा साडेदहा-अकराला पाणी फिरल्यावर यावं. समुद्रात ओहोटी संपली तरी खाडीतलं पाणी बाहेर यायचं थांबायला आणखी थोडा वेळ लागतो, तो धरून चालायचं.

माझ्या मामाने मला होडी शिकवली. त्याचं एक वाक्य होतं, "पाण्याक विचार, मगे मशीन चालू कर." तोंडाशी आल्यावर तो होडी लाटा फुटतात त्याच्या बरीच बाहेर थांबवायचा आणि नुसता बसून राहायचा. मला आत जायचं असायचं. "घाई कोणाक हा? रव हयसर." तो लाटा मोजत असायचा. मोठ्या लाटा एकामागून एक अशा घोळक्याने येतात, मग थोडा वेळ उसंत मिळते. शेवटची मोठी लाट होडीखालून गेली की तिच्या पाठीवर बसल्यासारखं तिच्या मागोमाग आत जायचं, तिच्याच वेगाने. तिला ओलांडायचं नाही. होडी लाटेच्या माथ्यावरून पुढे गेली तर उतारावर घसरते, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यात रुतते, मागची बाजू लाट ढकलून देते आणि होडी आडवी होते. आडव्या होडीला पुढची लाट पालथी करते. सगळे जण खाली बसलेले, वजन मध्यापासून मागे, नाळ हलकी, गळ आणि दोऱ्या आवरलेल्या, आणि मशीनवरचा हात डळमळायचा नाही: मध्येच घाबरून वेग तोडला की मागची लाट आत येते. हे नाही जमणार असं वाटलं, तर दोन तास बाहेर थांबून पाणी फिरू द्यायचं. पिण्याचं पाणी आणि थोडा खाऊ बरोबर ठेवायचा तो याचसाठी.

होडी म्हणजे मी सोळा ते अठरा फुटांची फायबरची, मागे दहा हॉर्सपॉवरच्या आसपासचं मशीन, अशी धरतो आहे. हौशी माणसाला ती पुरे. तिच्यात तीन माणसं गरवायला बसली की भरली. चौथा आणि पाचवा घेऊन निघणारे दिसतात. शांत पाण्यात काही होत नाही म्हणून चालून जातं. एका बाजूला मासा लागला की तिघे चौघे त्याच कडेला धावतात आणि काठ पाण्याला टेकतो. ज्याला मासा लागला तो उभा राहील, बाकीचे जागचे हलणार नाहीत, हे निघण्याआधी स्पष्ट बोलून घ्यावं.

मशीनला एक लाल गुंडाळीची दोरी असते. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची असते. माणूस पाण्यात पडला की दोरी निघते आणि मशीन बंद होतं. किती होड्यांवर ती दोरी मशीनलाच गुंडाळून ठेवलेली दिसते! चालवणारा पडला तर मोकळी होडी गोल गोल फिरत त्याच्याच अंगावर येते, पंखा चालू. त्या दोरीला पैसे पडत नाहीत, वेळ लागत नाही. ती अडकवल्याशिवाय मी कुणाला माझी होडी चालवू देत नाही, मग तो वयाने कितीही मोठा असो.

आणि मशीनच्या मागून बारीक पाण्याची धार पडत असते, तिच्याकडे दर थोड्या वेळाने मान वळवून बघायची सवय लावून घ्या. समुद्राचं पाणी आत ओढून मशीन थंड ठेवलं जातं आणि त्यातलंच थोडं या धारेतून बाहेर येतं. धार जोरात, हाताला कोमट लागली पाहिजे. ती मंदावली, तुटक झाली किंवा तिच्यातून वाफ दिसली की लगेच मशीन बंद करून ते वर उचला. दहातल्या नऊ वेळा खालच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी चिकटलेली असते. ती काढायला अर्धं मिनिट लागतं. न बघता तसंच दामटलं तर मशीन जाम होतं, आणि तेही बहुतेक वेळा प्रवाहाच्या मधोमध. पंख्यात तुटलेल्या जाळ्याचं तंगूस गुंडाळलं जाणं हा दुसरा नेहमीचा प्रकार. त्यासाठी धारदार सुरी हाताशी लागते, पिशवीच्या तळाशी नाही. जादा प्लग, पाना, पंख्याची पिन, वल्ह्यांची एक जोडी, पाणी उपसायला कापलेला डबा. पेट्रोलचे तीन भाग करायचे: एक जायला, एक यायला, एक न वापरता परत आणायला.

नांगर नाळेवरून. यात दुसरा विचार नाही. गरवायला सोपं पडतं म्हणून मागून नांगर टाकणारे आहेत. मागे मशीनचं वजन, काठ बुटका, प्रवाह होडीला मागून खाली खेचतो आणि लाट सरळ आत येते. पाणी सहा मीटर खोल असेल तर निदान तीस मीटर दोर सोडा, टोकाला दोन मीटर साखळी. तोकड्या दोराला नांगर धरत नाही, घसरतो. खडकाळ तळावर नांगर अडकून बसतो, त्यावर साधा उपाय आहे: दोर नांगराच्या खालच्या टोकाला बांधायचा आणि वरच्या कडीला नुसत्या सुतळीने अडकवायचा. अडकला तर जोराने ओढा. सुतळी तुटते आणि नांगर उलटा होऊन सुटून येतो.

नांगर धरला आहे की नाही हे कळण्यासाठी, आणि चांगली जागा पुन्हा सापडण्यासाठी, किनाऱ्यावरच्या खुणा धरायला शिका. जवळची एक आणि तिच्या मागे लांबची एक, अशा दोन गोष्टी एका रेषेत आणायच्या, उदाहरणार्थ देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खिंड. तशीच दुसरी जोडी बाजूला, साधारण काटकोनात. दोन्ही जोड्या जुळल्या की तुम्ही त्या खडकावर आहात. एक जोडी सुटायला लागली तर होडी सरकते आहे. मामा जीपीएस येण्याआधी पाण्याखालचे खडक असेच जपून होता आणि ते कोणाला सांगत नसे. जीपीएस मीही वापरतो. पण गरवताना मान वर करून किनारा बघायची सवय खुणांमुळे लागते, आणि मान वर असलेल्या माणसालाच ढग, वारा आणि शेजारची होडी वेळेवर दिसते.

लाइफ जॅकेटबद्दल मला राग येतो, तो लपवत नाही. "आमका पोवाक येता" हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलं ते सगळे खरंच उत्तम पोहणारे होते. पालथ्या होताना होडीचा काठ डोक्यात बसतो तेव्हा पोहणं आठवत नाही. ओहोटीने बाहेर नेलेल्या माणसाला तासनतास तरंगायचं असतं, पोहायचं नसतं. जॅकेट अंगात असावं, बसायच्या फळीखाली नाही; पट्टे आवळलेले, शिट्टी अडकवलेली. मुलांना मुलांच्या मापाचंच. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून पाण्यात निघून जातं.

काही वर्षांत कयाक घेऊन गरवणारे वाढलेत. फार सुंदर प्रकार आहे, आवाज नाही, धूर नाही, खाडीत चिप्याच्या, म्हणजे खारफुटीच्या, झाडांच्या मुळांपर्यंत जाता येतं. खाडीत खुशाल फिरा. समुद्रात मात्र पहाटेच्या मतलई वाऱ्याचा विचार करा. तो बाहेर जाताना पाठीवर असतो, त्यामुळे आपण केवढे बाहेर आलो ते लक्षात येत नाही, आणि परतताना तोच तोंडावर येतो. किनाऱ्याला समांतर जा, बाहेर नको.

ज्यांना होडी नाही ते कातळावरून गरवतात. त्यांना सुरक्षित वाटतं, पण माझ्या मते हा सगळ्यात फसवा प्रकार आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे वारा पडलेला, आकाश निरभ्र, आणि तरी अचानक लांब, जड लाटा येतात. त्या इथल्या नसतात. दक्षिण हिंदी महासागरात हजारो किलोमीटरवर वादळाने उठवलेल्या असतात आणि कित्येक दिवसांचा प्रवास करून येतात. दोन लाटांमधलं अंतर मोठं असल्याने समुद्र बराच वेळ शांत दिसतो आणि मग एक लाट कोरड्या कातळावर चढते. केरळात मच्छीमार याला कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था लाटांची उंची, दोन लाटांमधले सेकंद आणि दिशा रोज देते. उंची बघून थांबू नका, सेकंद बघा. आठ-दहा सेकंदांची एक मीटर लाट निराळी आणि सोळा-अठरा सेकंदांची एक मीटर निराळी. कातळावर पोचलात की वीस मिनिटं काही न करता लाटा बघा. जिथे कातळ ओला आणि हिरवा आहे तिथवर पाणी येतं, याचा पुरावा समोरच असतो.

चक्रीवादळांचंही असंच. अरबी समुद्रातली वादळं येतात पावसाच्या आधी, मे-जूनमध्ये, आणि नंतर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. गरवायचे चांगले दिवसही बरेचसे त्यातच. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान आलं, डिसेंबर 2017 मध्ये ओखीच्या वेळी देवगड बंदर बाहेरच्या राज्यांतल्या बोटींनी भरलं, मे 2021 मध्ये तौक्तेने आमचे माड पाडले. फयानच्या वेळी कोकणातले किती तरी मच्छीमार परत आले नाहीत, आणि ती माणसं हौसेने गेलेली नव्हती, आयुष्य समुद्रावर काढलेली होती. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की हौशी माणसाने चर्चा करू नये.

आता माशांविषयी. हे सगळं ज्याच्यासाठी.

खजुरा, रायगडात ज्याला जिताडा म्हणतात, तो गळाला लागल्यावर पाण्याबाहेर अख्खा उडतो आणि डोकं झटकतो. रात्री टॉर्च मारला तर त्याचा डोळा निखाऱ्यासारखा पेटलेला दिसतो. कल्ल्यांच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, लीडर तिथेच कापला जातो आणि बोटंही. या माशाचं आयुष्य उलगडलं तेव्हापासून माझं गरवणं बदललं. तो आधी नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो. साधारण 80 ते 100 सेंटिमीटरच्या पुढचे खजुरे बहुतेक माद्याच असतात, आणि अशी एक मादी लाखोंनी अंडी घालते. पावसाळ्याच्या सुमाराला ती त्यासाठी खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात येते. म्हणजे फोटोसाठी सगळ्यांना हवा असलेला सगळ्यात मोठा मासा हीच त्या खाडीची पुढची पिढी. गोब्र्याचं नेमकं उलट: तो आधी मादी आणि मोठा झाल्यावर नर. मोठे मोठे गोब्रे उचलत गेलं तर त्या खडकावर नरच उरत नाहीत. तांबोशी लहानपण खाडीत, चिप्यांच्या मुळांत काढते, मग बाहेरच्या खडकांवर जाते आणि तिथे तीस वर्षांहून जास्त जगू शकते. खाडीतली पसाभर तांबोशी म्हणजे अजून लेकरू आहे.

मी मासे खातो. आमच्या घरी मासा नसेल तर जेवण अर्धं वाटतं. तेव्हा सगळं सोडून द्या असं मी सांगत नाही. मधल्या मापाचा, घरच्या जेवणापुरता ठेवा. फार लहान आणि फार मोठा परत पाण्यात. आणि सोडायचा तर नीट सोडा. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका म्हणजे गळ झटकन निघतो. हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे रोग शिरतो. मोठ्या माशाला नुसतं जबड्याला धरून उभं टांगू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. मग पाण्यात त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवायचा, कल्ले उघडझाप करू लागेपर्यंत. घाई करायची नाही. थोड्या वेळाने शेपटीत ताकद येते, ती तळहाताला कळते, आणि तो स्वतःच मूठ सोडवून जातो. खोल खडकावरून झटकन वर ओढलेल्या गोब्र्याला हे चालत नाही. आतली हवेची पिशवी फुगते, पोट तोंडातून बाहेर येतं आणि सोडला तरी तो वर तरंगत राहतो. म्हणून नुसत्या खेळासाठी खोल पाण्यात गोब्र्याच्या मागे लागू नये. पुरेसा एक मिळाला की जागा बदलायची.

शिंगाळ्याला गळातून सोडवताना पाठीवरच्या आणि दोन बाजूंच्या काट्यांना जपा. पाकट उथळ वाळूत पुरून बसलेली असते. पाण्यातून चालताना पाय उचलून न टाकता घासत पुढे न्या, ती आधीच निघून जाते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय तासभर बुडवा, वेदना उतरते, आणि मग दवाखाना गाठा. फुगणारा केंड मासा विषारी, तो खायचा नाहीच.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे गळ टाकण्याआधी नियम विचारून घ्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते. हौशी माणसाने याच्या पळवाटा शोधू नयेत. त्या दोन महिन्यांत समुद्र तसाही छोट्या होडीचा नसतो आणि मासे अंड्यांवर असतात. रीळ उघडून तेल द्या, मशीन गोड्या पाण्याने धुऊन ठेवा. आणि एक विनंती: जाळ्यांच्या तरंगत्या खुणांवरून होडी नेऊ नका, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली दिसली की लांबून वळसा घाला. आपली सकाळ हौसेची आहे, त्यांची पोटाची.

निघण्याआधी घरी किंवा किनाऱ्यावर कोणाला तरी चार गोष्टी सांगा: कुठे जातोय, होडीत कोण कोण आहे, किती वाजता परत येणार, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर फोन करायचा. मामी ही चौथी वेळ चुलीशेजारच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवायची. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी सुरक्षेचा पोलिसांचा 1093, हे दोन्ही नंबर होडीतल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत, आणि घरच्यांच्याही. फोन बंद पिशवीत, गळ्यात. लिहिलेली वेळ उलटली तर किनाऱ्यावरच्या माणसाने "येतील अजून" म्हणत संध्याकाळ करू नये. उजेड आहे तोवर फोन लावावा.